बारा आमदारांच्या बातम्या आणि पेपरांची दोन मापं

कराड, फेब्रुवारी २०२५

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यपालनियुक्त आमदारांबद्दलची याचिका फेटाळली. महाविकास आघाडी सरकारने दिलेली बारा नावांची यादी पुढच्या सरकारने मागे घेतली, ते बरोबर होतं का, असा त्या याचिकेतला प्रश्न होता आणि कोल्हापूरच्या ठाकरे गटाच्या एका पदाधिकाऱ्याने ती केलेली. निकाल आला त्या दिवशी मी आमच्या गावच्या वाचनालयात सगळे पेपर समोर घेऊन बसलो होतो, तर बहुतेकांनी ही बातमी आतल्या पानावर छोटीशी टाकून मोकळं केलं होतं. हाच विषय २०२० आणि २०२१ मध्ये पहिल्या पानावरून हलत नव्हता, टीव्हीवर तर रोज संध्याकाळी चार खिडक्या लावून भांडणं चालायची. मग तेव्हा इतकं महत्त्वाचं होतं ते आता चार ओळींचं कसं झालं, हे मला काही केल्या समजेना, म्हणून वाचनालयातल्या जुन्या फायली काढल्या आणि नोव्हेंबर २०२० चे अंक आणि ऑक्टोबर २०२४ चे अंक शेजारी शेजारी ठेवून वाचले. ते वाचून जे वाटलं ते तुम्हाला कळवतोय. तुमचाही पेपर त्यात आहे, म्हणून राग मानू नका, पण सगळ्यांनाच लागू आहे ते.

आधी मूळ गोष्ट सांगतो, कारण त्या दोन्ही वेळच्या बातम्यांमध्ये नेमकी तीच शोधावी लागली. आपल्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत, त्यातल्या १२ राज्यपाल नेमतात. राज्यघटनेच्या कलम १७१ च्या पाचव्या उपकलमात लिहिलंय की साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा यातलं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेली माणसं इथे नेमायची. राज्यसभेवर राष्ट्रपती जे बारा जण नेमतात त्यांच्या अटीत सहकार नाही, राज्यांच्या परिषदेत मात्र आहे, आणि आपल्या महाराष्ट्रात सहकार म्हटलं की कोणता दरवाजा किती मोठा उघडतो ते तुम्हाला मी सांगायला नको. पण याच दारातून गदिमा विधान परिषदेत गेले होते, आणि १९७८ मध्ये ना. धों. महानोर गेले होते. महानोरांनी सभागृहात शेती आणि पाण्यावर जे मांडलं ते शेतात राबणाऱ्या माणसाने मांडलेलं होतं, निवडणूक लढवून असा माणूस कधी आत गेला असता असं मला वाटत नाही. म्हणून या जागांचं मला महत्त्व वाटतं. कोणाची सोय लावायची जागा म्हणून त्यांच्याकडे बघितलं की माझं डोकं फिरतं.

आता २०२० घ्या. जूनमध्ये आधीच्या बारा जणांची मुदत संपली. ६ नोव्हेंबरला तीन मंत्री राजभवनावर जाऊन बंद लिफाफा देऊन आले. अनिल परब, नवाब मलिक आणि अमित देशमुख. लिफाफा बंद होता पण दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरात बाराच्या बारा नावं छापून आली होती, सूत्रांच्या हवाल्याने. शिवसेनेची उर्मिला मातोंडकर, नितीन बानगुडे पाटील, विजय करंजकर आणि चंद्रकांत रघुवंशी. राष्ट्रवादीचे एकनाथ खडसे, राजू शेट्टी, यशपाल भिंगे आणि आनंद शिंदे. काँग्रेसचे सचिन सावंत, रजनी पाटील, मुझफ्फर हुसेन आणि अनिरुद्ध वनकर. आता ही नावं वाचून कोणाची किती बातमी व्हायला पाहिजे होती सांगा. कलम १७१ ची अट हातात धरली तर पहिल्यांदा आनंद शिंदेंचं नाव यायला पाहिजे, लोकगीतं आणि भीमगीतं महाराष्ट्रातल्या गल्लीगल्लीत पोचवलेल्या घराण्यातला गायक. मग चंद्रपूरकडचे लोककलावंत अनिरुद्ध वनकर, नांदेडचे प्राध्यापक यशपाल भिंगे, शिवचरित्रावर गावोगाव व्याख्यानं देणारे बानगुडे पाटील. हे चौघं त्या अटीत सरळ सरळ बसतात. आणि फायलीत बघितलं तर याच माणसांबद्दल सगळ्यात कमी लिहिलेलं. वनकरांबद्दल आम्हाला पश्चिम महाराष्ट्रात काहीच माहिती नव्हती, ते काय गातात, कुठे गातात, त्यांना का निवडलं, हे सांगणारा एकही नीट लेख आमच्या वाचनालयात येणाऱ्या पेपरांत मला सापडला नाही. चित्रपटातला माणूस म्हणून सगळी जागा मातोंडकरांनी खाल्ली, त्यातसुद्धा त्यांच्या कामाबद्दल कमी आणि २०१९ ला काँग्रेसकडून उत्तर मुंबईत लढल्या आणि आता शिवसेनेत जातायत याबद्दलच जास्त. आणि दुसरा मोठा वाटा खडसेंचा, कारण ते ऑक्टोबरमध्येच भाजप सोडून राष्ट्रवादीत आलेले, म्हणजे बातमी कसली तर फडणवीसांना कसा धक्का बसला त्याची.

मला इथे पहिला पक्षपात दिसला आणि तो कुठल्या पक्षाच्या बाजूचा नाही, तो सगळ्यांचा मिळून आहे. नेमणुकीची बातमी म्हणजे कोणाला धक्का आणि कोणाला बक्षीस, एवढंच आपल्या पत्रकारांनी ठरवून टाकलंय. दिल्लीतले, मुंबईतले, मोठ्या नेत्यांच्या मागे फिरणारे राजकीय वार्ताहर ही बातमी लिहितात, त्यांना चंद्रपूरच्या गायकाबद्दल विचारायला कोणाचा नंबर नसतो आणि खडसेंचा नंबर मात्र सगळ्यांकडे असतो, मग जे लिहिता येतं तेच लिहिलं जातं. जिल्ह्यातल्या वार्ताहराला एक फोन केला असता तर काम झालं असतं, पण तोही करायचा नाही.

दुसरा पक्षपात मात्र बाजू धरून केलेला आहे आणि तो सांगताना मला जास्त त्रास होतोय.

यादी दिल्यावर राज्यपाल भगतसिंह कोश्यारींनी काहीच केलं नाही. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, परत पाठवली नाही, कारण दिलं नाही. नोव्हेंबर २०२० पासून जून २०२२ मध्ये सरकार पडेपर्यंत, म्हणजे दीड वर्षाच्या वर. मे २०२१ मध्ये माहितीच्या अधिकारात विचारलं तर राज्यपाल सचिवालयाकडून यादी उपलब्धच नाही असं उत्तर आलं. त्या काळातल्या फायली चाळल्या तर बातम्यांत एक वाक्य सारखं सारखं दिसतं, बारा आमदारांची नियुक्ती रखडली. कोणी रखडवली ते नाही. पाऊस रखडतो तशी यादी आपोआप रखडली असं वाचणाऱ्याला वाटावं. आणि ज्या पेपरांनी नाव घेऊन लिहिलं त्यांनी राज्यपालांना इतक्या शिव्या घातल्या की बातमी कुठे संपली आणि संपादकांचा राग कुठे सुरू झाला ते कळायला मार्ग नव्हता. म्हणजे एकीकडे करणाऱ्याचं नाव नाही आणि दुसरीकडे नुसतं नाव आणि संताप, पण राज्यपालांना घटनेने किती दिवस दिलेत, मंत्रिमंडळाचा सल्ला त्यांच्यावर किती बंधनकारक आहे, याआधीच्या राज्यपालांनी काय केलं होतं, हे तिसरं जे वाचकाला पाहिजे ते कुठेच सलग मिळत नाही.

१३ ऑगस्ट २०२१ ला उच्च न्यायालयाचा निकाल आला. नाशिकच्या एका नागरिकाने याचिका केलेली. न्यायालय म्हणालं की राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नाहीत, त्यामुळे त्यांना आदेश देता येत नाही, पण वाजवी वेळेत होय किंवा नाही सांगणं हे त्यांचं घटनात्मक कर्तव्य आहे आणि आठ महिने हा वाजवीच्या पलीकडचा वेळ दिसतो. आता या निकालात दोन्ही भाग आहेत ना? पण दुसऱ्या दिवशीचे अंक बघा, एका बाजूच्या पेपरात राज्यपालांना चपराक आणि दुसऱ्या बाजूच्या पेपरात सरकारला दिलासा नाही. निकाल एकच, पानं वेगवेगळी, आणि जो माणूस घरी एकच पेपर घेतो त्याला अर्धाच निकाल कळला. आमच्या वाचनालयात त्या दिवशी दोन काका यावरून खरोखर भांडले, दोघांच्याही हातात पेपर होता आणि दोघेही छापलेलंच सांगत होते. मला त्या दोघांची चूक वाटत नाही.

याच्या आधी एप्रिल २०२० मध्येही हेच झालेलं, त्याची आठवण करून देतो. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री झाले तेव्हा कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते, सहा महिन्यांत होणं भाग होतं, आणि कोरोनामुळे परिषदेच्या निवडणुका पुढे गेल्या. ९ एप्रिलला मंत्रिमंडळाने त्यांना राज्यपालांच्या कोट्यातून नेमायची शिफारस केली, पुन्हा एकदा महिनाअखेर केली, राज्यपाल गप्प, शेवटी निवडणूक आयोगाने निवडणूक घेतली आणि १४ मे ला ते बिनविरोध निवडून आले. त्या दिवसांत काही ठिकाणी लिहून आलं की उद्धवजी फोटोग्राफर आहेत, फोटोग्राफी ही कला आहे, म्हणजे अटीत बसतात. आणि दुसऱ्या बाजूच्या मंडळींनी तेव्हा कला साहित्याची अट इतक्या मोठ्या अक्षरात छापली की मला आनंद झाला, वाटलं चला आता निदान ही अट लोकांना पाठ होईल.

पण नाही झाली. कारण १५ ऑक्टोबर २०२४ उजाडला. त्या दिवशी दुपारी विधानसभा निवडणुकीची घोषणा होणार होती, ती झाली, आणि त्याच्या काही तास आधी सात जणांना आमदारकीची शपथ दिली गेली. भाजपच्या चित्रा वाघ, विक्रांत पाटील आणि पोहरादेवीचे बाबूसिंग महाराज राठोड, शिंदे सेनेचे हेमंत पाटील आणि मनीषा कायंदे, अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे पंकज भुजबळ आणि इद्रिस नायकवडी. बारा जागांपैकी सात भरल्या, पाच तशाच ठेवल्या. उच्च न्यायालयात सुरुवातीला सांगितलेल्या त्या कोल्हापूरच्या याचिकेवरची सुनावणी संपून निकाल राखून ठेवलेला होता, त्याचीसुद्धा वाट बघितली नाही. आता सांगा, या सातांमध्ये साहित्य कुठे आहे, विज्ञान कुठे आहे? हेमंत पाटील हिंगोलीचे माजी खासदार, लोकसभेला त्यांचं जाहीर झालेलं तिकीट बदललं गेलं. पंकज भुजबळ नांदगावचे माजी आमदार, २०१९ ला हरलेले. विक्रांत पाटील पक्षाचे पदाधिकारी. नायकवडी माजी महापौर. कायंदे आधी परिषदेवर होत्याच. या लोकांनी समाजसेवा केली नाही असं मी म्हणत नाही, बाबूसिंग महाराजांना बंजारा समाजात किती मानतात ते मला ठाऊक आहे, पण ज्या पेपरांनी एप्रिल २०२० मध्ये कलेची व्याख्या विचारली होती त्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ती का विचारली नाही? त्यांच्या पानांवर त्या दिवशी सातजणांचे हसरे फोटो, कोणत्या समाजाला प्रतिनिधित्व मिळालं त्याचं गणित, आणि महायुतीने कसं संतुलन साधलं याचं कौतुक. अट गायब.

आणि दुसरीकडे काय, तर ज्यांनी २०२० मध्ये खडसे आणि राजू शेट्टींच्या नावावर ही अट एकदाही विचारली नव्हती, ते २०२४ ला घटनेचं कलम पहिल्या पानावर चौकटीत छापून बसले. शेट्टी शेतकरी चळवळीतले, त्यांना समाजसेवेत बसवता येईल, मी बसवीन. पण खडसे अनेक वर्षं आमदार आणि मंत्री राहिलेले पूर्णवेळ राजकारणी, ते ज्या अटीत बसतात त्याच अटीत पंकज भुजबळही बसवता येतात, आणि बसत नसतील तर दोघेही बसत नाहीत. सचिन सावंत आणि विक्रांत पाटील यांचंही तेच, दोघे आपापल्या पक्षाचे पदाधिकारी. मला यात कोणाची बाजू घ्यायची नाही, मला एवढंच पाहिजे की जो प्रश्न तुम्ही एका यादीला विचारला तो दुसऱ्या यादीला विचारा, तितक्याच मोठ्या अक्षरात, तितक्याच वरच्या पानावर.

तारखेचंही तसंच. निवडणूक जाहीर व्हायच्या काही तास आधी शपथ, ही त्या दिवशीची खरी बातमी होती. सकाळपासून सगळे चॅनलवाले निवडणूक आयोगाच्या पत्रकार परिषदेची वाट बघत होते, शपथविधी मधल्या वेळात दाखवला आणि पुढे मतदान कधी, मतमोजणी कधी, यातच सगळं वाहून गेलं. सरकारने तो दिवस मुद्दाम निवडला की नाही हे मी सांगू शकत नाही, पण पेपरला तर रात्रभराचा वेळ होता. चार वर्षं जी जागा रिकामी ठेवली ती आचारसंहितेच्या आधी काही तासांत का भरली, हा प्रश्न मोजक्या ठिकाणी दिसला. २०२० च्या यादीबद्दल ज्यांनी महिनोन् महिने लिहिलं त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांनी एक दिवस लिहिलं आणि प्रचाराकडे वळले.

आणि मधल्या गोष्टी तर कोणाला आठवतच नाहीत. मार्च २०२१ च्या अधिवेशनात अजित पवार सभागृहात म्हणाले होते की बारा नावं जाहीर होतील त्या दिवशी वैधानिक विकास मंडळंही जाहीर करू. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपलेली. म्हणजे बारा आमदारांसाठी मागास भागाच्या अनुशेषाचा, म्हणजे राहून गेलेल्या विकासकामांचा, प्रश्न टांगून ठेवला, असं फडणवीसांनी तिथेच सुनावलं. किती गंभीर गोष्ट आहे ही, राजभवन आणि मंत्रालयाच्या भांडणात विदर्भ मराठवाड्याच्या सिंचनाचे, रस्त्यांचे पैसे अडकायची वेळ आली. विदर्भातल्या पेपरांनी ती पुढे लावून धरली असेल, आमच्याकडे येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या आवृत्त्यांनी मात्र अजितदादा विरुद्ध देवेंद्र अशी जुगलबंदी म्हणून छापली आणि सोडून दिली. पुढे २०२३ मध्ये तेच अजितदादा आणि तेच देवेंद्रजी एका सरकारात आले. मंडळांचं काय झालं ते विचारा ना कोणीतरी.

आणि यादीतल्या रजनी पाटील सप्टेंबर २०२१ मध्ये राज्यसभेवर बिनविरोध गेल्या, म्हणजे राजभवनातल्या त्या लिफाफ्यात एक नाव असं होतं की ज्यांना आता ती जागा नकोच होती, तरी यादी तशीच आणि बातमीही तशीच, बारा नावं रखडली. सप्टेंबर २०२२ मध्ये शिंदे सरकारने पत्र देऊन ती अख्खी यादी मागे घेतली. ज्या राज्यपालांना आघाडी सरकारच्या यादीवर दीड वर्षात काही ठरवता आलं नाही त्यांनी नव्या सरकारचं पत्र आल्यावर यादी परत दिली, ही दोन वाक्यं एकत्र छापलेली मला फार कमी ठिकाणी सापडली. दोन वाक्यं नुसती शेजारी ठेवली असती तरी वाचकाला सगळं समजलं असतं, अग्रलेखाची गरजच नव्हती.

राज्यपालांनी कसं वागावं याचं उदाहरण आपल्याच माणसाचं आहे हेही कोणी सांगत नाही. आपले मुंबईचे राम नाईक २०१५ मध्ये उत्तर प्रदेशचे राज्यपाल होते, अखिलेश यादव सरकारने नऊ नावं पाठवली, नाईकांनी चार मंजूर केली आणि पाच परत पाठवली. पटो न पटो, पण निर्णय दिला. २०२३ मध्ये तेलंगणात राज्यपालांनी मंत्रिमंडळाची दोन नावं सरळ नाकारली, ती माणसं कलम १७१ च्या अटीत बसत नाहीत असं कारण देऊन, आणि पुढे मार्च २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ते नाकारणं रद्द केलं. म्हणजे निर्णय दिला की त्याच्यावर दाद मागता येते. न बोलता बसून राहिलं तर दादही मागता येत नाही, हाच तर कोश्यारींच्या वागण्यातला मुख्य मुद्दा होता. २०२१ मध्ये राम नाईकांचं उदाहरण प्रत्येक मराठी पेपरात यायला हवं होतं. जे पेपर भाजपच्या बाजूने लिहितात त्यांना ते अडचणीचं होतं, कारण नाईक भाजपचेच आणि तरी त्यांनी निर्णय दिला. जे विरोधात लिहितात त्यांनाही अडचणीचं, कारण राज्यपाल नावं परत पाठवू शकतो हे मान्य करावं लागलं असतं. दोघांनाही नको होतं म्हणून वाचकाला मिळालं नाही, निदान मला तरी असंच वाटतं.

आता हे असं का होतं यावर बोलायला सगळे लाजतात, पण महाराष्ट्रात लहान मुलालाही माहिती आहे की कुठला पेपर कोणाचा. ‘सामना’ हे १९८८ पासून शिवसेनेचं, आता ठाकरे गटाचं, मुखपत्र आहे आणि ते तसं उघड सांगतात, ‘प्रहार’ नारायण राणेंनी काढला, ‘लोकमत’ दर्डा घराण्याचा आणि त्या घराण्यात मंत्रीही झाले, खासदारही झाले, ‘सकाळ’ पवार कुटुंबाकडे आहे. यात बेकायदा काही नाही. मुखपत्राने आपल्या पक्षाची बाजू मांडली तर मला त्याचा राग येत नाही, वाचतानाच मला माहिती असतं. आणि मालक राजकारणातला असूनही चांगल्या बातम्या देणारे वार्ताहर मी बघितलेत. पण पत्रकारितेतून राजकारणात जाण्याचा रस्ताही आपल्याकडे चांगला मळलेला आहे. संजय राऊत, भारतकुमार राऊत, कुमार केतकर हे संपादक राज्यसभेत गेले, तेलंगणात तर २०२४ च्या जानेवारीत एका उर्दू दैनिकाच्या वृत्तसंपादकांचं नावच राज्यपालांच्या कोट्यातून परिषदेवर आलं. हे सगळे निवडले गेले त्यात त्यांचा काही गुन्हा आहे असं मी म्हणत नाही, त्यांच्यातल्या काहींचं लिखाण मी आवडीने वाचलंय. पण अशा नेमणुकांच्या बातम्या जो धंदा देतो त्याच धंद्यातली माणसं त्याच रांगेत उभी असतात, तर वाचकाला हे कोणीतरी सांगायला नको का? अग्रलेखाखाली दोन ओळी टाकल्या तर काय बिघडतं, की यादीतल्या अमुक व्यक्तीशी आमच्या संस्थेचा असा असा संबंध आहे. शेअर बाजारावर लिहिणारे टाकतात की, माझ्याकडे या कंपनीचे शेअर आहेत म्हणून.

तुम्ही म्हणाल की आजकाल पेपर कोण वाचतं, सगळं मोबाईलवर. मोबाईलवर तर अजून वाईट आहे. व्हॉट्सअॅपवर २०२० ची बातमी तारीख काढून फिरते, मागच्या महिन्यात निकालानंतर आमच्या ग्रुपवर कोणीतरी २०२१ चा निकाल नवीन म्हणून टाकला आणि तीस जणांनी त्याच्यावर मतं मांडली. अशा वेळी मी फायलीतल्या पानाचा फोटो काढून टाकतो, कारण पेपरला तारीख असते, पान असतं, खाली छापणाऱ्याचं नाव असतं. तेवढ्यासाठी तरी तुमच्या पानावर पूर्ण बातमी पाहिजे, अर्धी नको. अर्धी बातमी फोटो काढून पाठवली की मीही त्या खोट्या मेसेजवाल्यांच्याच रांगेत जाऊन बसतो.

माझी मागणी फार मोठी नाही. राज्यपालनियुक्त पाच जागा ऑक्टोबर २०२४ मध्ये रिकाम्या ठेवल्या होत्या, अशा जागा ज्या दिवशी भरतील त्या दिवशी तुमच्या पेपरात प्रत्येक नावासमोर चार गोष्टी छापा. घटनेतल्या पाच क्षेत्रांपैकी हे नाव कोणत्या क्षेत्रातून, त्या क्षेत्रात त्या माणसाने प्रत्यक्ष काय काम केलं, सरकारने शिफारस कधी केली आणि राज्यपालांनी निर्णय कधी दिला, आणि याआधी तो माणूस निवडणूक लढलाय का, कोणाकडून. क्षेत्र सापडत नसेल तर तो रकाना मोकळा ठेवा आणि सरकारला विचारून काय उत्तर मिळालं ते लिहा. सरकार कोणाचंही असू दे. २०२० ची बारा नावं आणि २०२४ ची सात नावंही त्याच तक्त्यात घाला, म्हणजे एकोणीस नावं एका मापाने मोजली जातील. आनंद शिंदे आणि वनकरांच्या पुढे काय लिहिलं जातं आणि खडसे, भुजबळांच्या पुढे काय लिहिलं जातं ते लोक स्वतः वाचतील. वनकरांबद्दलची माहिती चंद्रपूरच्या तुमच्या वार्ताहराकडून मागवा, बाबूसिंग महाराजांबद्दलची वाशिमच्या वार्ताहराकडून. मुंबईतून लिहू नका.

तक्ता बनवायला जुन्या अंकांची गरज पडली तर आमच्या वाचनालयात २०२० पासूनच्या फायली बांधून ठेवलेल्या आहेत, तुमच्या इथल्या वार्ताहराला पाठवा, मी काढून देईन.

आपला,
एक नियमित वाचक
कराड, जि. सातारा